भागिले सोळा

पुंडलिकभाऊंना माणूस भेटला की ते आधी त्याला सोळाने भागतात.

गंमत म्हणून सांगत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेव मांडवात मोठ्यांच्या पाया पडत फिरत होता. पुंडलिकभाऊंपुढे वाकला, तर त्यांनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून सरळ उभं केलं, बुटापासून फेट्यापर्यंत नजर फिरवली आणि आशीर्वादाच्या जागी म्हणाले, "पाच फूट आठ इंच. भागिले सोळा. सव्वाचार. बसते!"

जावई आमचा अकोल्याचा, सरळ माणूस. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं, म्हणून तो पुन्हा वाकला. विहीणबाई मला खांबाआड घेऊन गेल्या.

"हे गृहस्थ पत्रिका पाहतात का हो?"

"नाही. विमान करतात."

त्यानंतर अक्षता पडेपर्यंत विहीणबाई माझ्यापासून लांबच उभ्या राहिल्या.

मी स्वतः बरोब्बर चार इंच आहे. पुंडलिकभाऊंना माझ्याबद्दल जो काही आदर आहे, तो एवढ्यासाठीच. "वहिनी, तुम्ही लय सोप्या," ते म्हणतात. "तुमच्यात पुरा भाग जाते. मागं काही उरत नाही." माझ्या नवऱ्यानेसुद्धा माझं इतकं कौतुक कधी केलेलं नाही.

अमडापूरला आमची पिठाची गिरणी आहे. नवरा एस.टी.त कंडक्टर, त्यामुळे गिरणी मीच चालवते. तिला लागून पुंडलिकभाऊंचं घर. मधली भिंत दोघांची मिळून एकच. समोर, रस्त्यापलीकडे, कलीमभाईंचं गाद्यांचं दुकान. एवढा नकाशा पुरे.

घराच्या पुढच्या खोलीत पुंडलिकभाऊंचं कृषी केंद्र होतं. बीटी कपाशीचं बियाणं नवीन आलं, तेव्हा पेरणीच्या आधी त्यांच्या दारात लागलेली रांग माझ्या गिरणीच्या ओट्यावर चढायची. दळण घेऊन येणाऱ्या बायकांना मला वाट करून द्यावी लागे. पुंडलिकभाऊ काउंटरच्या मागे उभे राहून ओरडायचे, "आता बोंडअळीची सुट्टी! फवारा माळ्यावर टाका!" लोक पाकीट छातीशी धरून जायचे.

दोन-चार हंगाम बरे गेले. मग अळीच्या जागी दुसरीच कीड आली, पानं लाल पडू लागली, पाऊस ऐन वेळी दडी मारू लागला, आणि शेवटी अळीही परत आली. लोक दुकानात भांडायला यायचे. पुंडलिकभाऊही आवाज चढवायचे. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं, गिरणी चालू असली तरी. पुढं भांडणं थांबली. लोक यायचे, बाकावर बसायचे, पाणी प्यायचे आणि न बोलता उठून जायचे.

"भांडणारा परवडते, वहिनी," पुंडलिकभाऊ एकदा म्हणाले. "हा गप बसणारा नाही पाहवत."

आणि एका वर्षी, ऐन पेरणीच्या तोंडावर, त्यांनी शटर खाली ओढलं. सगळ्या बाजारात खळबळ. हंगामात दुकान बंद करणारा माणूस कोणी पाहिला होता? दुपारी ते माझ्याकडे आले. हातात वाटी.

"वहिनी, भिंतीवरचं पीठ देता का?"

गिरणीत पीठ उडतं आणि भिंतींवर, कोळिष्टकांवर जाऊन बसतं. ते मी झाडून टाकते. आजवर कोणी मागितलं नव्हतं.

"कशाला पाहिजे?"

"खळ करतो. तुमच्या भिंतीवर आहे इतकं बारीक पीठ कुठी भेटत नाही."

"काय चिकटवायचंय?"

"विमान."

गिरणीचा पट्टा फिरत असताना मी त्याच्यावरून नजर काढत नाही. त्या दिवशी काढली.

हे कुठलं विमान, ते सांगते. फार मागे, मी लग्न होऊन इथं यायच्या आधी, कपाशीवर औषध फवारायला विमान यायचं. वरून सगळं शेत सारखंच दिसतं. कुठल्या पट्ट्यात औषध पडलं आणि कुठला राहिला, ते पायलटला कळत नाही. म्हणून शेताच्या दोन टोकांना दोन पोरं पांढरी झेंडी घेऊन उभी करायची. विमान एका झेंडीवरून निघून दुसऱ्या झेंडीवर सरळ जायचं. ते गेलं की दोघांनी बारा ओळी बाजूला सरकायचं आणि पुन्हा झेंडी वर धरायची. औषध झेंडीवाल्याच्या अंगावरच पडे. त्यासाठी प्रत्येकाला डोक्यावर घ्यायला एक पोतं मिळायचं.

"म्हणजे औषध माणसांवर मारायचे?" मी उडालेच.

"माणसाइवर नाही वहिनी," पुंडलिकभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, "झेंडीवर."

एका टोकाची झेंडी पुंडलिकभाऊंची. दुसऱ्या टोकाची कलीमभाईंची. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासूनची दोस्ती. आणि मी सांगतेय त्या काळात हे दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते.

बोलत नव्हते म्हणजे माझ्यामार्फत बोलत होते. माझ्या गिरणीत.

"वहिनी, त्याले सांगा, त्याची सायकल रोज मह्या दारासमोर लागून राह्यली."

कलीमभाई दोन हातांच्या अंतरावर उभे असायचे, ज्वारीचा डबा घेऊन.

"भाभी, त्याले सांगा, रस्ता सरकारचा आहे."

"वहिनी, त्याले सांगा..."

"मी कोणाला काही सांगत नाही. आधी कोणाचं दळण टाकू, तेवढं बोला."

"त्याचं टाका," दोघंही एकदम म्हणायचे, आणि मग रागाने दोन दिशांना पाहायचे.

भांडण कापसावरून झालं होतं. कलीमभाईंच्या घरात वडिलांपासून गाद्या भरण्याचं काम. गादीला गावरान कापूस लागतो. आखूड, खरखरीत, पण दाबला की पुन्हा वर येतो. हा नवा लांब धाग्याचा कापूस बाजारात भाव खातो, पण गादीत घातला की वर्षा-दोन वर्षांत त्याची पोळी होते. बीटी आली आणि बघता बघता शिवारातून गावरान कपाशी पुसली गेली. कलीमभाई पुंडलिकभाऊंना म्हणाले होते, "तू सगळ्याईले पाकिटं वीक, पण तुह्या वावरात मह्यासाठी दोन ओळी गावरान ठेवजो." पुंडलिकभाऊंनी हातावर हात मारून शब्द दिला होता. त्यांचा धंदा तेव्हा जोरात. पेरणीच्या घाईत त्यांनी बांधापासून बांधापर्यंत बीटी लावून टाकली.

वेचणीच्या दिवसांत कलीमभाई रिकामं पोतं घेऊन त्यांच्या वावरात गेले. तसेच परत आले. कृषी केंद्रासमोर भर रस्त्यात उभे राहिले, ते रिकामं पोतं डोक्यावर घेतलं, जसं लहानपणी घ्यायचे तसं, आणि ओरडले, "मार बे फवारा! मार!"

एवढंच. त्यानंतर बोलणं बंद. कलीमभाई गाद्यांत फोमचे तुकडे भरू लागले आणि प्रत्येक गादी देताना गिऱ्हाइकाला सांगू लागले, "ही गादी नाही. पण झोपा."

तर अशा त्या पुंडलिकभाऊंनी विमान करायला घेतलं. खऱ्याच्या सोळाव्या भागाचं. सोळाच का? "फूटपट्टीवर इंचाचे सोळाच भाग असतात वहिनी. मी काय करू?"

सांगाडा पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा. मी म्हटलं, बांबूची कामटी घ्या, सरळ असते. तर म्हणाले, "कपाशीचं विमान होतं. कपाशीचंच पाहिजे." वरचं आवरण बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांचं, ती आतून चंदेरी असतात. शेतकरी पेरून पाकिटं बांधावर टाकतात. हा गृहस्थ, काल-परवापर्यंत ज्याच्या दारात रांग लागायची तो, पिशवी घेऊन बांधाबांधाने रिकामी पाकिटं वेचत फिरू लागला. लोक आधी हसले. मग त्यांना त्याची भीती वाटू लागली. एकाने मला विचारलं, "पुंडलिकभाऊचं डोकं...?" मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे. भागाकार चोख करतात."

त्यांच्या बायकोचं, सुमनताईंचं म्हणणं सरळ होतं. "दारू पीत नाही, पत्ते कुटत नाही. विमान करते. भांडू तरी कशावरून? मह्या केसातले आकडे गेले विमानात, चहाची गाळणी गेली. परवा मंगळसूत्राकडे पाहून राह्यले होते. म्हटलं, खबरदार."

पहिला पंख तयार झाला आणि उंदरांनी खाल्ला. खळ माझ्या पिठाची. उंदरांना ती आवडायचीच. पुंडलिकभाऊ सकाळी गिरणीत येऊन अपघाताची बातमी सांगावी तसे म्हणाले, "डावा पंख गेला." मग त्यांनी खळीत मोरचूद घातलं. कृषी केंद्रवाल्याला एवढं कळणारच. खळ निळी झाली, त्यांची बोटं निळी झाली, आणि उंदीर माझ्या गिरणीत राहायला आले.

दुसरा पंख वैशाखात तापून वाकला. तिसऱ्याला माझ्या गिरणीने पाडलं. म्हणजे असं, की गिरणी सुरू झाली की मधली भिंत थरथरते, आणि ओली खळ सुटते. तर हा माणूस भर बाजाराच्या दिवशी, ओट्यावर डब्यांची रांग लागलेली असताना, मला येऊन म्हणाला, "वहिनी, घंटाभर गिरणी बंद ठेवा. पंख वाळून राह्यला."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. रांगेतल्या बायकांच्याही नाही. नंतर मात्र फुटले. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पुंडलिकभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग अर्धा घंटा?"

खरं सांगते, पाव तास बंद ठेवली. पुन्हा करणार नाही असं बजावून ठेवली. पुढच्या बाजारीही ठेवली.

अशी वर्षं गेली. विमान मी पाहिलेलं नव्हतं. मला वेळही नव्हता, आणि उतारवयातल्या माणसाचं खेळणं काय पाहायचं, असंही वाटायचं. दिवाळीच्या आधी मी गिरणीची भिंत रंगवायला काढली, तर त्यांच्या बाजूने ठोकलेल्या खिळ्याचं टोक माझ्याकडे आलेलं. मी तरातरा जाब विचारायला गेले. पूर्वीच्या दुकानात छताला दोऱ्यांनी टांगलेलं ते विमान दिसलं. दोन हातांपेक्षा थोडे कमी लांब पंख. उभं राहून पाहिलं तर विशेष काही वाटेना.

"झोपा," पुंडलिकभाऊ म्हणाले.

"काय?"

"खाली झोपा वहिनी. उभ्यानं नाही दिसत ते."

मी सुमनताईंकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "झोपा बाई. मलेही झोपवलं. सतरंजी हाये तिथं."

मग काय, पिठाने भरलेल्या लुगड्यानिशी मी सतरंजीवर उताणी झोपले आणि वर पाहिलं. आणि मला धडकी भरली.

अंगावर येत होतं ते. पोटाखालची दोन चाकं, एका चाकावर वाळलेल्या चिखलाचा डाग. टाचणीने टोचून केलेल्या खिळ्यांच्या ओळी. पोटावर तेलाचा ओघळ, मागच्या बाजूला पसरत गेलेला. पंखाखाली आडवी नळी आणि तिला ओळीने औषधाच्या तोट्या. रिफिलची पितळी टोकं लावलेली, त्यांतली एक वाकडी. "ती वाकडीच होती," पुंडलिकभाऊ म्हणाले, "तिच्यातून औषध थेंबथेंब गळे. मह्या मानेवर पडे." मला पदर डोक्यावर घ्यावासा वाटला. मी सहसा अशी नाही.

"मापं कुठून घेतली हो?"

"ओळीवरून. पंखाखाली कपाशीच्या बारा ओळी येत. ओळीतलं अंतर ठाऊक. गुणाकार केला, भागिले सोळा."

मी उठले, शेजारचं स्टूल ओढलं आणि वरून पाहायला चढले. खालून इतकं झालंय तर वरून काय असेल!

वरून काहीच नव्हतं. उघड्या काड्या. आवरण नाही, रंग नाही, पायलटची जागा म्हणून नुसतं भोक. खालून जिवंत विमान, आणि वरून मोडकी टोपली.

"हे काय? वरचं कधी करणार?"

पुंडलिकभाऊ फूटपट्टी चाचपत राहिले. "वरचं मी पाहिलं नाही वहिनी."

"म्हणजे?"

"मह्या टोकाले मागं आमराई होती. विमान झाडाइवरून एकदम डोक्यावर ये, अन् झाडाइमागंच गायब होये. मले दिसे ते पोट. वळताना दिसे, पण ते कलीमच्या टोकाले. तिकडं मोकळं माळरान. पुरं कलंडून वळे म्हणे."

"मग अंदाजाने करा की. कोण तपासायला येतंय?"

"अंदाजानं बियाणं विकलं," ते म्हणाले. "विमान अंदाजानं नाही करणार."

मी स्टुलावरून खाली उतरले. थोड्या वेळाने तेच त्या भोकाकडे बोट दाखवून म्हणाले, "पायलट मले कधी दिसलाच नाही. एवढे दिवस डोक्यावरून गेला. त्याले खाली माणूस दिसे का झेंडी दिसे, तेवढं एकदा समजलं पाहिजे होतं."

मग मला कळलं, की हे विमान कुठं अडलंय. उरलेलं अर्धं विमान रस्त्यापलीकडे होतं, आणि रस्ता ओलांडायची या माणसाची हिंमत नव्हती.

मी मध्ये पडणाऱ्यांतली नाही. पण अर्धवट काम मला बघवत नाही, मग ते भांड्यांचं असो की विमानाचं. कलीमभाई दळणाला आले तेव्हा मी सरळ विचारलं, "ते फवारणीचं विमान वरून कसं होतं?"

त्यांनी डबा खाली ठेवला. "कायले?"

"असंच."

"पिवळं होतं. असं पिकल्या लिंबासारखं. मधात कुबड, त्याच्यात पायलट बसे. शेपटी आखूड. वळे तवा एक पंख जमिनीकडे, एक आभाळाकडे. मी झेंडी सोडून पाहत राहो."

"पायलट दिसायचा?"

"दिसे ना. गोगल, कानाले टोप. पण भाभी, माणूस म्हणजे निस्ता ओंडका. नाकासमोर पाहे. म्या एकदा हात केला, पोट्टं होतो ना तवा. मान नाही हालवली त्यानं. त्याच्यासाठी आपण खुंटे."

"हे जरा समोर जाऊन सांगता का?"

कलीमभाईंनी डबा उचलला. "त्याले सांगा, इचाराले तोंड असन त ये."

मी भिंतीपलीकडे जाऊन सांगायला लागले, "वरून पिवळं होतं म्हणे..." तर पुंडलिकभाऊंनी चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले. "तिसऱ्याच्या तोंडचं माप मी धरत नाही वहिनी." पुढचं सांगायचं राहूनच गेलं.

थंडी पडली. एका दुपारी पुंडलिकभाऊ कागदाची पिशवी घेऊन गिरणीत आले. चेहरा असा, की कोणी वारलं की काय.

"वहिनी, कलीमले सांगा, एक गादी पाहिजे."

मला बरं वाटलं. चला, धंद्याच्या निमित्ताने का होईना. "सांगते की. किती बाय किती?"

"सव्वा इंच बाय सव्वा इंच. पाव इंच जाड."

"आणि घालणार कुठं?" मी विचारलं.

"पायलटच्या बुडाखाली," ते म्हणाले. "अन् म्हणा, कापूस गिऱ्हाइकाचा आहे. हा घ्या."

हा निरोप घेऊन मी रस्ता ओलांडला. कसा ओलांडला ते मलाच माहीत. कलीमभाई फोमचे तुकडे खोळीत कोंबत बसले होते. मी माप सांगितलं. त्यांचा चेहरा बघता बघता लाल झाला.

"भाभी, मह्या बापानं साऱ्या अमडापूरच्या लग्नाच्या गाद्या भरल्या. अन् हा मले बाहुलीची गादी शिवाले सांगते? मस्करी करून राह्यला? एक त मह्या कापसाची माती केली, अन् वरून..."

माझ्या हातातली पिशवी त्यांनी हिसकली. ती ते रस्त्यावर फेकणार, हे मला दिसत होतं. पण फेकण्यासाठी त्यांनी ती मुठीत धरली, आणि मूठ तशीच राहिली. त्यांनी पिशवीत बोटं घातली. चिमूटभर कापूस काढला, अंगठ्याने दाबला आणि सोडला. तो वर आला. पुन्हा दाबला. पुन्हा वर आला.

"हा कुठून आणला त्यानं?"

"घरचा आहे म्हणे."

"घरचा?" ते उठले. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

मी त्यांच्या मागे निघाले. गिरणी चालूच होती, ओट्यावरची गिऱ्हाइकं मागून हाका मारत होती. कलीमभाई पुंडलिकभाऊंच्या घरात पुढून शिरले नाहीत. बोळातून थेट मागच्या परड्यात गेले. न्हाणीघर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये चटईएवढी जागा, आणि तिच्यात कपाशी. उंच, किडकिडीत झाडं, बारीक बोंडं, सगळी खाली मान घालून लोंबणारी. गावरान. भिंतीला भिंत लागून असून मला इतकी वर्षं पत्ता नव्हता.

सुमनताई भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मले म्हणत, जळगाव जामोदले विमानाचं सामान आणाले चाललो. आणत काय, त मूठभर बी. तिकडं डोंगराच्या बुडाशी कोणी लावते म्हणे अजून. एक वर्ष वाळलं. एक वर्ष शेळीनं खाल्लं. यंदा आलं. म्हटलं, सांगा कलीमभाईले. त म्हणे, एका गादीपुरता होऊ दे, मंग सांगतो. एवढ्याशा जागेत कुठचा होते गादीपुरता? शेवटी म्हणे, चाल, भागिले सोळा."

कलीमभाई एका बोंडाला हात लावून उभे राहिले. मग घरात शिरले.

पुंडलिकभाऊ विमानाखाली उताणे पडून दोरी आवळत होते. दारात कोण आलं ते त्यांना पायांवरून कळलं असावं. हात थांबले. ते उठले नाहीत, वळूनही पाहिलं नाही. विमान मात्र हलायला लागलं, कारण दोरी त्यांच्या हातात होती.

"सरक बे," कलीमभाई म्हणाले.

पुंडलिकभाऊ सरकले. कलीमभाई त्यांच्या शेजारी सतरंजीवर आडवे झाले आणि वर पाहू लागले. मी दारात उभी होते आणि मला निघायला हवं हे मला कळत होतं.

"तोटी वाकडी," कलीमभाई म्हणाले.

"हाव."

"शेपटी लांब झाली."

"किती?"

"चार बोटं काप."

"चार बोटं? अबे, तेवढ्यात तं सारा सांगाडा खोला लागते!"

"मंग खोल. अन् वरून पिवळं होतं."

"मी निळं धरलं होतं."

"तुले काय दिसणार? तू त पोतं घेऊन उकिडवा बसे."

"तू नव्हता बसत?"

"मी पोत्याच्या भोकातून पाहो."

मग पुंडलिकभाऊंनी विचारलं, आणि आवाज असा, की मिसरूड न फुटलेल्या पोराचा असावा.

"कलीम, तो पायलट... खाली पाहे का बे?"

मी चौकटीला घट्ट धरलं. उत्तर मला माहीत होतं. माझ्या गिरणीत, माझ्यासमोर दिलेलं. आणि कलीमभाई हा तोंडावर बोलणारा माणूस; फोमच्या गादीला गादी न म्हणणारा.

कलीमभाई वर त्या वाकड्या तोटीकडे पाहत होते.

"पाहे ना," ते म्हणाले. "वळला की हात करे. पहिले तुह्या टोकाकडे. मंग मह्याकडे."

"मह्याकडे?"

"मंग काय, आमराईले करे?"

मी गिरणीत परतले. जात्यातला दाणा संपून दगडावर दगड फिरत होता, जळका वास सुटला होता आणि बायका कोपऱ्यात घाबरून उभ्या होत्या. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. पुढचे दोन दिवस गिरणी बंद ठेवून दगडाला टाकी लावून घ्यावी लागली. त्या दोन दिवसांत त्यांचा एक पंख नीट वाळला.

आता विमान पूर्ण आहे. शेपटी आखूड, पाठ लिंबासारखी पिवळी. वर सव्वा इंचाची गादी, तिला चारी बाजूंनी टाके. बसलेल्या जागी ती अजून दबलेली नाही. परड्यातली कपाशी यंदा पुंडलिकभाऊंच्या वावरात गेली, बांधाच्या कडेने दोन ओळी. पहिली पूर्ण गादी व्हायला वेळ लागेल.

परवा मी पाहायला गेले. आता सांगावं लागत नाही, मी आपणहून सतरंजीवर झोपते. पायलटचा हात खिडकीतून बाहेर काढलेला, पंजा उघडा. मी निरखून पाहिलं. हिशेबात मीही आता बरी झालेय.

"भाऊ, हात मोठा झाला. हा सोळाने भागलेला नाही."

कलीमभाई कोपऱ्यात सुईत दोरा ओवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ठाऊक हाये वहिनी," पुंडलिकभाऊ म्हणाले. "पण खालून दिसला पाहिजे."